पुलावरचे सहा शुक्रवार

मंगळवारी सकाळी अकराच्या सुमाराला एका बाईंनी मला फोन करून मी जिवंत आहे का असं विचारलं. प्रश्न इतक्या अदबीनं आला, की मलाही जरा विचार करूनच उत्तर द्यावंसं वाटलं. चुलीवर बटाट्याचं सूप उतू जायच्या बेतात होतं, ते आधी उतरवलं आणि मग सांगितलं, की हो, आहे. 'छान,' त्या म्हणाल्या, आणि पलीकडे कळफलकावर एक बोट आपटल्याचा आवाज आला. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या जगण्याची नोंद एवढ्या एका टिचकीत झाली. बाईंचं नाव केंड्रा फॉसम. दक्षिणेतल्या कुठल्याशा शहरातल्या सल्लागार कंपनीत त्या काम करत होत्या आणि आइस हॉकीच्या लीगनं त्या कंपनीला आमचा प्रदेश तपासायला दिला होता. नदीच्या दोन्ही तीरांवरची गावं, आसपासच्या टेकड्या, दुधाची गावं, सगळी मिळून सहा लाख माणसं. एवढ्या माणसांच्या जोरावर एक व्यावसायिक संघ जगेल की उपाशी मरेल, हे त्यांना ठरवायचं होतं. 'तुमचं नाव मिस्टर हार्लन कुलास यांच्या अर्जावर आहे, दुसऱ्या खुर्चीसाठी,' त्या म्हणाल्या. 'वेंडल कुलास हयात आहेत का, असं आम्ही त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, त्यालाच विचारा.'

हार्लन माझा थोरला भाऊ. तो नदीपलीकडे ब्लफ हार्बरला राहतो आणि मी अलीकडे सेंट कॅसियनला. मधे नदी, आणि नदीच्या मधोमध दोन राज्यांची सीमा. माझ्या दारापासून त्याच्या दारापर्यंत गाडीनं चौदा मिनिटं लागतात. हे चौदा मी अंदाजानं सांगत नाही. कुठून कुठे किती मिनिटांत पोहोचता येतं याचे नकाशे काढण्यात माझी एकतीस वर्षं नोकरी झाली. पोहोचायचं की नाही हा प्रश्न त्या नकाशात बसत नसे.

एवढ्या अदबीच्या बाईंना लोक जिवंत आहेत का असं विचारत का फिरावं लागलं, हे मला ताबडतोब कळलं. त्यांना बिचाऱ्यांना मात्र शेवटपर्यंत कळलं नसावं. संघ हवा असेल तर वर्षभराच्या आठ हजार खुर्च्यांसाठी आधी नावं नोंदवून दाखवा, अशी लीगची अट होती. आमच्याकडच्या उत्साही मंडळींनी चर्चच्या तळघरांतून, बँकांतून, दूध संकलनाच्या डेअऱ्यांतून अर्ज वाटले आणि सहा आठवड्यांत नऊ हजारांवर नावं जमवली. वर्तमानपत्रानं पान भरून मथळा दिला. मग केंड्राबाईंच्या कंपनीनं फोन करायला सुरुवात केली आणि असं निघालं, की त्यातली दोनेक हजार माणसं मेलेली आहेत. शिवाय अकरा कुत्री होती, आणि एक होडी. कंपनीला वाटलं ही लबाडी आहे. लबाडी असती तर आज आमच्याकडे संघ असता. फोनवर विचारल्यावर एकजात सगळ्यांनी खरं सांगितलं, की हो, एल्मर गेला, दोन हजार आठ साली, यकृतानं. आणि पुढे हेही, की खुर्ची त्याच्याच नावे राहू द्या. जुन्या रिंकवर, त्या बर्फाच्या मैदानावर, आमची तशी रीतच होती. खुर्चीचा मालक हंगामाच्या मधेच गेला, तर शेजारचा त्या खुर्चीवर लोकरी घोंगडी घडी करून ठेवायचा. तिच्यावर कुणी बसायचं नाही, बिअरचा पेला ठेवायचा नाही. पुढल्या वर्षी घरचे पुन्हा त्याच नावानं खुर्ची घ्यायचे, कधी दोन वर्षं, कधी दहा. तेव्हा अर्जावर 'दुसरी खुर्ची कोणासाठी' असं छापलेलं दिसल्यावर माणसांनी जे मनात होतं ते लिहिलं. ज्या प्रदेशातली दोन हजार मेलेली माणसं खेळ बघायला यायला तयार आहेत, तो संघाला पोसेल की नाही, असा प्रश्न मी केंड्राबाईंना विचारणार होतो. पण त्यांचा पुढचा प्रश्न आला. छत्तीस सामन्यांपैकी किमान तीस सामन्यांना मी हजर राहीन का. आणि त्यालाच जोडून, छापील कागदावरून वाचल्यासारख्या सपाट आवाजात: गेल्या बारा महिन्यांत मी किती वेळा पूल ओलांडला.

एकदाही नाही, मी म्हणालो. त्यांनी टिचकी मारली. त्या टिचकीनं मला जे झालं ते मी नीट सांगू शकत नाही. दातांच्या डॉक्टरनं भलत्याच दाताला हात लावावा आणि कळ कानात निघावी, तसं काहीसं. हा प्रश्न माझा होता. शब्दासकट माझा. सदतीस प्रश्नांच्या यादीत तो मीच एकेकाळी घातला होता, आणि आमच्या ऑफिसच्या अहवालातून उचलत उचलत तो देशभर फिरून, दक्षिणेतल्या एका मुलीच्या तोंडून, तीस वर्षांनी सूपाच्या वेळेला माझ्याच घरी आला होता. तीस सामन्यांचं शुक्रवारपर्यंत सांगतो, असं म्हणून मी फोन ठेवला. सूपावर साय धरली होती. माझी बायको मार्डेल असती तर तिनं ती चमच्यानं अलगद बाजूला काढली असती. मी तशीच ढवळून टाकली.

आमच्या घरात कुणी कुणाच्या समोर बसून बोलत नसे. भांडण नव्हतं, पद्धतच नव्हती. बाबा पिठाच्या गिरणीत होते, घरी आले की तोंड पांढरं आणि बंद. पण हिवाळ्यात शुक्रवारी आणि शनिवारी ते आम्हा दोघांना रिंकवर न्यायचे, ऑटर्सचा खेळ बघायला. ऑटर्स म्हणजे पाणमांजरं. संघाचा खेळ बघता हे नाव पाणमांजरांना कमीपणा आणणारं होतं. सातव्या रांगेत बाबा मधे, हार्लन उजवीकडे, मी डावीकडे. ओल्या लोकरीचा वास, बर्फाखालच्या नळ्यांतून येणारा अमोनियाचा नाकात चढणारा वास, आणि समोर तो पांढरा लखलखीत आयत. तिथे बाबा बोलायचे. बर्फावरची नजर न काढता, ओठ न हलवल्यासारखे. मी अकरा वर्षांचा होतो तेव्हा दुसरा डाव संपता संपता ते म्हणाले, 'तुमच्या आईच्या छातीत गाठ निघालीये,' आणि त्याच दमात, 'हा ऑफसाइड होता, पंच आंधळा आहे.' आम्ही तिघंही पंचाकडे बघत राहिलो. पंचाला त्या रात्री आमच्या रांगेतून जेवढ्या शिव्या बसल्या तेवढ्या त्याच्या लायकीच्याही नव्हत्या. पुढे बाबा गेले, घोंगडीचं वर्ष झालं, मग हार्लन आणि मी शेजारी शेजारी बसू लागलो. त्याच्या बायकोचं, लवॉनचं, मूल सातव्या महिन्यात गेलं, हे त्यानं मला तिथेच सांगितलं. मार्डेलला मूल होणारच नाही, हे मी त्याला तिथेच सांगितलं. त्यानं पॉपकॉर्नचा डबा माझ्याकडे सरकवला. त्यापेक्षा जास्त कुणी काही केलेलं मला आठवत नाही. मंगळवारी दुपारी मी स्वयंपाकघरात बसून हिशोब मांडून बघितला, की हार्लनचा चेहरा समोरून कसा दिसतो. आणि मला फक्त त्याचा डावा कान आठवला, वरून जरा दुमडलेला, थंडीनं लाल.

हार्लन त्या रिंकवर बर्फ करायचा. लोकांना वाटतं पाणी ओतलं की बर्फ होतो. तो गरम पाण्याचे कागदाएवढे पातळ थर एकावर एक देत जायचा, दोन दिवस, दोन रात्री, आणि मग गुडघ्यावर बसून बोटांच्या पेरांनी ठकठक करून ऐकायचा. कुठे पोकळ वाजलं तर पुन्हा सुरुवात. संघ हरला की लोक म्हणायचे, बर्फ मात्र चांगला होता. संघ बहुधा हरायचाच, त्यामुळे हार्लनची कीर्ती मोठी होती. एक्क्याण्णव साली रिंक मोडकळीला आली आणि वरच्या लीगनं विचारणा केली, की नवा हॉल बांधलात तर तुमचा संघ आम्ही वर घेऊ. हॉल बांधायचा तर दोन्ही तीरांनी मिळून विक्रीकर वाढवायचा, आणि त्याआधी प्रदेशाला संघ झेपतो का ते बघायचं. ते काम प्रादेशिक नियोजनाच्या ऑफिसात आलं. ऑफिसात ते माझ्या टेबलावर आलं.

मी वर्तुळं काढली. पंचेचाळीस मिनिटांचं वर्तुळ, साठ मिनिटांचं. सुरेख होती, माणसं त्यांच्यात द्राक्षांसारखी लगडलेली दिसत. पण वर्तुळातला माणूस नदी ओलांडून येईल की नाही, हे वर्तुळाला माहीत नसतं. म्हणून मी पुलावर उभा राहिलो. दोन तीर म्हणजे दोन राज्यं, त्यामुळे गाडीच्या नंबरपाटीवरून ती कुठल्या तीराची ते लांबूनच कळतं. ब्लफ हार्बरच्या टोकाला, फुटपाथच्या कठड्याला टेकून, उजव्या हातात मोजणीचं खटक्याचं यंत्र, डाव्या हातात दुसरं. ब्याण्णवच्या मार्च-एप्रिलमधले सहा शुक्रवार, संध्याकाळी पाच ते आठ. शुक्रवार, कारण सामने शुक्रवारी असत. शनिवारीही असत, पण शनिवारी मोजायचं तर ऑफिसला जादा कामाचा भत्ता द्यावा लागला असता. तिसऱ्या शुक्रवारी हार्लनचा हिरवा ट्रक पूल चढून आला. त्याच्या चर्चच्या तळघरातले तळलेले मासे तो माझ्या घरी पोहोचवायला निघाला होता, कारण मी कामावर आणि मार्डेलला मासे तळतानाचा वास सोसत नसे. मला बघून त्यानं खिडकीची काच खाली केली आणि तेलकट कागदाची पिशवी उंचावून दाखवली. मी खटका दाबला. हात हलवला नाही. मोजणाऱ्यानं मोजल्या जाणाऱ्याला ओळख दाखवू नये, असं मला तेव्हा वाटत असे. अकरा गाड्यांत एकच दुसऱ्या तीरावर निघालेली, बाकीच्या आपापल्या घरी परतणाऱ्या. त्या सहा शुक्रवारांतल्या तसल्या गाड्यांपैकी एकीत माझा भाऊ होता. हे अहवालात नाही.

अहवालात जे होतं त्यातलं एक वाक्य वर्तमानपत्रानं चौकटीत छापलं. 'हा एक प्रदेश नसून एकमेकांकडे बघत बसलेले दोन प्रदेश आहेत.' ते वाक्य लिहिताना मला आनंद झाला होता, हे मी आता कबूल करतो. आकड्यांच्या माणसाला आयुष्यात एखादंच वाक्य सापडतं. नोव्हेंबरात दोन्ही तीरांनी मतं टाकली आणि कराचा ठराव पडला. इकडचे म्हणाले, त्यांच्यासाठी आम्ही का भरायचं. तिकडचेही अक्षरशः तेच म्हणाले, म्हणजे एवढ्या एका बाबतीत प्रदेश एक होता. ऑटर्स टेनेसीतल्या एका गावात गेले, जिथे पाणी गोठतच नाही. रिंकमध्ये गालिच्यांचं गोदाम झालं. हार्लनला गोठवण्याचा चोवीस वर्षांचा अनुभव होता, म्हणून त्याला गोठवलेल्या पिझ्झ्यांच्या कारखान्यात घेतलं. तिथे तो पट्ट्यावरून येणाऱ्या पिझ्झ्यांवर नजर ठेवायचा. पिझ्झ्याला वाजवून बघायची सोय नसते.

आणि मग पुढल्या वसंतात, भांडी विसळता विसळता, मार्डेल म्हणाली, 'तू उपासाचे शुक्रवार धरलेस की रे.' ती सहज म्हणाली. ईस्टरच्या आधीच्या त्या शुक्रवारी आमच्याकडे मांस खात नाहीत. प्रत्येक चर्चच्या तळघरात मासे तळले जातात, आणि माणसानं आपल्या चर्चचा मासा सोडून दुसऱ्याचा खाणं म्हणजे बाटल्यासारखंच. लुथरन लोकांना उपास नाही, पण शेजारी मासे खाताना त्यांना राहवत नाही, म्हणून तेही आपापल्या तळघरात. त्या संध्याकाळी पोपसुद्धा आपला पूल ओलांडणार नाही, मार्डेल म्हणाली. मी म्हणालो, हॉकीचा हंगाम तोच असतो. ती म्हणाली, असेल. ताटली पुसून तिनं फडताळात ठेवली. मी त्याच तळघरांत वाढलेला माणूस. सहा शुक्रवार माझ्या नाकात दोन्ही तीरांवरून तळणाचा वास येत होता आणि मी पाट्या वाचत होतो. ऑक्टोबरात एका शनिवारी, कुणालाही न सांगता, खटक्याचं यंत्र कोटाच्या खिशात घालून मी पुलावर गेलो. खिशातल्या खिशात मोजलं. तीन गाड्यांत एक. तीन तास उभा राहिलो, तीनच्या तीन तास तीनात एक. मग यंत्राचं बटण फिरवून शून्य केलं आणि घरी आलो. आकडा कागदावर उतरवला नाही. उतरवला असता तर तो असता.

सहा आठवड्यांनी थँक्सगिव्हिंगला आम्ही हार्लनकडे जेवायला गेलो. लवॉननं टर्कीच्या दोन्ही बाजूंना आम्हाला बसवलं, म्हणजे समोरासमोर. माणसाला समोर बसवून ताटात कुस्करलेले बटाटे वाढले की बोलणं सुरू होतं, असा तिचा समज. तिचं माहेर दुसरीकडचं. बराच वेळ चमच्यांचा आवाज होता. मग हार्लननं मान वर केली. त्यानं माझ्याकडे असं सरळ कधी बघितलं नव्हतं. डोळे करडे होते, हे मला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळलं. तो म्हणाला, 'मला एवढंच सांग. मोजणी बरोबर होती का?'

'बरोबर होती,' मी म्हणालो. 'दोनदा मोजली.'

'मग झालं,' तो म्हणाला. 'चुकला असतास तर मी सोडून दिलं असतं. माणूस चुकतो. तू बरोबर होतास, याचं मी काय करू?' आणि त्यानं क्रॅनबेरीची वाटी पुढे केली. मार्डेल माझ्याकडे बघत होती. तिला शनिवारचं मी सांगितलं नव्हतं, पण माझ्या कोटाच्या खिशाला काय झालंय हे तिला नेहमीच माझ्याआधी कळत असे.

त्यानंतर भांडण असं झालंच नाही. भांडणाला समोर बसावं लागतं. ख्रिसमसला कार्डं यायची, लवॉनच्या अक्षरात. मी निवृत्त झालो तेव्हा त्यानं एक गोठवलेला पिझ्झा पाठवला, त्यात टोमणा होता की प्रेम, हे मार्डेल आणि मी तो खाताना बराच वेळ बोलत होतो. चीज भरपूर होतं. नऊ वर्षांपूर्वी मार्डेल गेली तेव्हा तो चर्चमध्ये आला आणि माझ्या मागच्या रांगेत बसला. शेजारची जागा मोकळी होती. त्याचा श्वास माझ्या मानेवर येत होता, जरा घरघरता. मी मागे वळायला हवं होतं असं मंगळवारी वाटलं, बुधवारी वाटलं, बुधवारी दुपारी दाढी करताना तर आरशात वळूनही बघितलं. उजव्या हाताचा अंगठा आपोआप दाबला जातो माझा, अजूनही, गाडी गेली की. बुधवारभर खिडकीत बसून मी अंगठा दाबत होतो आणि एकच गोष्ट पुन्हा पुन्हा मनात येत होती: तीस वर्षं किल्ली माझ्या खिशात होती. चुकलो, एवढं म्हणायचं होतं. तो तर सांगूनच बसला होता, की चुकला असतास तर सोडून दिलं असतं. एवढं स्वस्त कुणी कुणाला काही देऊ करत नाही. पण 'हा एक प्रदेश नसून' हे वाक्य माझं होतं, आणि ते चुकीचं आहे असं म्हटल्यावर माझ्याकडे काय उरलं असतं, ते मला माहीत नव्हतं. आता उरलंय ते समोरच होतं: एक वाडगं, एक चमचा.

गुरुवारी सकाळी निघालो. पुलावर काम चालू होतं, एकाच रांगेनं गाड्या सोडत होते, त्यामुळे चौदाची एकोणीस मिनिटं झाली. सप्टेंबरचा शेवट, टेकड्या नुकत्या तांबूस रंग धरायला लागलेल्या. दार लवॉननं उघडलं. तिनं मला आत घेतलं नाही. स्वतःच बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं. केस पार पांढरे झाले होते. 'वेंडल,' ती म्हणाली, 'आलास ते बरं झालं. त्याला कळू देऊ नकोस मी सांगितलं म्हणून.' आणि मग हलक्या आवाजात सांगितलं. फुप्फुसं. डॉक्टरांनी ख्रिसमसपर्यंतचं बोलून ठेवलंय. त्यानं कुणालाही सांगायचं नाही म्हणून तिच्याकडून वचन घेतलंय, आणि मुख्यतः मला. नवा हॉल उभा राहायला तीन वर्षं लागतात. हे गणित माझ्या डोक्यात कुणी न विचारता झालं, तिचं बोलणं संपायच्या आत. त्यानं दोन खुर्च्या लिहिल्या होत्या; एक माझी होती, आणि एकीवर तो कधीच बसणार नव्हता, हे त्याला अर्ज भरताना माहीत होतं. लवॉननं माझी कॉलर सारखी केली, मार्डेल करायची तशी, आणि म्हणाली, 'जा. गॅरेजात बसलाय.'

गॅरेजचं दार वर केलेलं होतं आणि तो आत घडीच्या खुर्चीत रस्त्याकडे बघत बसला होता, त्या गल्लीतले सगळे म्हातारे बसतात तसा. नाकाखाली नळी, पायाशी एक खोकं, दर थोड्या वेळानं उसासा टाकणारं. भिंतीला टेकवलेली दुसरी खुर्ची मी उघडली आणि शेजारी बसलो. त्याच्या डावीकडे. त्यानं मान वळवली नाही.

'जिवंत आहेस तर,' तो म्हणाला.

मी म्हणालो, तसं मी त्या बाईंना कळवलंय. मग आम्ही दोघं रस्ता बघू लागलो. समोरची एक बाई भोपळे उतरवत होती. टपालाची गाडी आली, गेली. माझा अंगठा दाबला गेला आणि ते त्यानं बघितल्याचं मला कळलं. संघाचं काय वाटतं, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, मेलेली माणसं वगळली तर सात हजारांवर येऊन थांबेल, जमणार नाही. तो म्हणाला, मेलेल्यांना का वगळतात, तेच तर कधी चुकवत नाहीत. मी हसलो, तोही हसला, आणि हसण्याचा खोकला झाला. खोकला संपायला वेळ लागला. तो संपेपर्यंत मी समोरचे भोपळे मोजले. चौदा होते. आणि मग मी, त्या भोपळ्यांकडे बघत, ओठ फारसे न हलवता म्हणालो, 'हार्लन, ती मोजणी चुकली होती.'

'कुठली?'

'पुलावरची. मी उपासाचे शुक्रवार धरले. सगळे आपापल्या तळघरात होते. पुढच्या वर्षी ऑक्टोबरात मी शनिवारी जाऊन पुन्हा मोजलं. तीनात एक होता. तू थँक्सगिव्हिंगला विचारलंस तेव्हा मला ते माहीत होतं.'

खोक्यानं दोनदा उसासा टाकला. शाळेची पिवळी बस गल्लीच्या टोकाला थांबली आणि कुणीच न उतरता पुढे गेली. मी त्याच्याकडे वळून बघितलं. समोरून. करडे डोळे रस्त्यावरच होते, पण पाण्यानं भरले होते, आणि तोंडावर एक हसू होतं, लहानपणी मी दातांखाली पेन्सिल धरून त्याच्यासाठी गृहपाठ करून द्यायचो तेव्हाचं.

'म्हणजे लवॉननं सांगितलं तुला,' तो म्हणाला.

मी म्हणालो, तिनं काहीही सांगितलेलं नाही. मोजणीचं हे खरं आहे, मी पुलावर होतो, यंत्र कोटाच्या खिशात होतं. त्यानं विचारलं, मग तो आकडा कुठे लिहून ठेवलाय. मी म्हणालो, लिहिला नाही. 'तू,' तो म्हणाला. 'तू आकडा लिहिला नाहीस.' आणि त्यानं हात माझ्या गुडघ्यावर ठेवला. पेरांवरचे जुने घट्टे अजून तसेच होते. 'वेंडल, तू जन्मात कधी चुकला नाहीस. बाबांची पेटी उचलायला किती माणसं लागतील तेही तू आदल्या दिवशी काढून ठेवलं होतंस. आज माझ्यासाठी चुकलास. डॉक्टर सांगत होता तेव्हा मला खरं वाटत नव्हतं, आता वाटतंय.'

मी मार्डेलची शपथ घेतली. तो म्हणाला, तिला कशाला मधे ओढतोस, राहू दे, खोटं बोलणं तुला किती जड जात असेल ते मला कळतं, तीस वर्षं लागली तुला. हे तो रागानं म्हणत नव्हता. इतक्या मायेनं तो माझ्याशी कधीच बोलला नव्हता. माझ्याकडे दाखवायला काही नव्हतं; एक शून्य केलेलं यंत्र, आणि तेही कुठल्या खणात आहे देव जाणे. खिशातली किल्ली एकदाची काढून मी त्याच्या हातावर ठेवली होती, आणि त्यानं ती भेटवस्तू समजून घेतली होती.

लवॉन आतून काहीतरी विचारत होती, जेवायला थांबतोय का असं असावं. हार्लननं खुर्चीत पाठ टेकली आणि डोळे मिटले.

'पण ऐकायला बरं वाटतंय,' तो म्हणाला. 'परत सांग. शनिवारी कोण कोण येत होतं?'

मी सांगायला लागलो. मला सगळं आठवत होतं. कुठल्या वळणावरून किती गाड्या पुलावर चढल्या, कुठल्या गाडीच्या टपावर शिडी बांधली होती, कुठल्या स्टेशनवॅगनच्या मागच्या काचेला तीन पोरं नाकं चिकटवून बसली होती. तो प्रत्येक आकड्याला मान हलवत होता, एखाद्यानं बर्फावर ठकठक करावी आणि तो घट्ट वाजावा तशी. एल्क क्रीकच्या वळणावरून किती, त्यानं विचारलं.

'नऊ,' मी म्हणालो. नऊच होत्या.

'छे,' डोळे न उघडता तो म्हणाला, 'एल्क क्रीकहून जास्त येतील.'

मी वाढवल्या.